तिचंच तिला

तांब्यातलं दूध पातळ होतं, निळसर, आणि त्यात बर्फाचे बारीक खडे तरंगत होते. दशरथला वाटलं, भाऊरावानं यातही पाणी घातलं. भाऊराव त्याचा थोरला भाऊ. घरात लग्न असो की मयत, पाहुण्यांच्या चहात दूध घालताना त्याचा हात नेहमी आखडायचा.

"बघत काय बसलास? ओत," भाऊराव म्हणाला. "कडेकडेनं ओत. सगळीकडे पडलं पाहिजे. ती शांत झाली पाहिजे."

तिसरा दिवस होता. त्याच्या बायकोची, प्रेमाची राख वरून गार झाली होती, आत अजून कोमट होती. दशरथनं तांब्या कलता केला. दूध पडलं तिथं राखेचा करडा चिखल झाला. त्या चिखलात बोटं घालून हाडं वेचायची होती. त्यानं वेचली. चिखल नखांत शिरला, बोटांच्या बेचक्यांत बसला. गेली बारा वर्षं तो वर्सोव्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. होड्यांवर बर्फ चढवताना गुडघाभर मासळीच्या पाण्यात उभं राहायची त्याला सवय होती. कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र तो सारखी बोटं पंचाला पुसत होता.

हाडं मडक्यात घालून माणसं बाजूला झाली. इतका वेळ भिंतीपाशी बसलेलं एक काळं कुत्रं पुढं आलं आणि राखेतलं दूध चाटायला लागलं.

"हाड् हाड्!" कुणीतरी ओरडलं.

"चाटू दे रे," भाऊराव म्हणाला. त्याच्या तोंडात सुपारी होती. "मुक्या जिवाच्या पोटात गेलं तर चांगलंच."

कुत्र्यानं सगळं चाटलं. नाकाला राख लागली ती जिभेनं पुसली आणि परत चाटलं. दशरथ बघत राहिला. मग त्यानं घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते. त्याला अकराच्या आत इस्पितळात दूध पोचवायचं होतं.

मुलगी इस्पितळात होती. सातव्या महिन्यातच झाली होती, एक किलो एकशेवीस ग्रॅमची. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि नाकातून घातलेल्या नळीनं तिला दूध देत होते. पाचव्या दिवशी प्रेमाला घरी सोडलं. पण मुलीला आईचंच दूध लागणार, दर तीन तासांनी पिळून काढा आणि बर्फात घालून आणा, असं बजावून सोडलं. जोगेश्वरीच्या त्यांच्या खोलीत फ्रिज नव्हता. शेजारच्या खोलीत भाऊरावाकडे होता. प्रेमा भिंतीकडे तोंड करून बसायची, हातानं दाबून थेंब थेंब काढायची. कधी चमचाभर निघायचं, कधी अर्धी वाटी. इस्पितळानं दिलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या वाट्यांवर ती पांढरी चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहायची आणि जावेच्या फ्रिजरमध्ये ठेवायची. सकाळी कामाला जाताना दशरथ कारखान्यातल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून त्या वाट्या इस्पितळात द्यायचा. तो घरी आला की प्रेमाचा पहिला प्रश्न असायचा, "शी कशी झाली तिला? काळी की पिवळी?"

"मी काय शी बघायला जातो काय गं?"

"सिस्टरला विचारायचं रे. पिवळी झाली म्हणजे माझं दूध अंगी लागलं."

ती पिवळी व्हायच्या आधीच दहाव्या दिवशी प्रेमाला थंडी वाजून ताप भरला. भाऊराव म्हणाला, "दूध चढलंय छातीत. उतरेल." दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून नेली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. जंतू रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ती गेली.

पुढचे दोन दिवस दशरथला पोरीची आठवणही नीट झाली नाही. काल इस्पितळातल्या सिस्टर दर्शनाचा फोन आला. इस्पितळात इतर आयांनी दिलेल्या दुधाचा साठा असतो, तो संपला होता. म्हणून डब्याचं दूध देऊन पाहिलं, तर पोरीचं पोट फुगलं. दिलेलं दूध तसंच परत येत होतं.

"आजचा दिवस पोट रिकामं ठेवलंय," दर्शना म्हणाली. "उद्या अकरा वाजता परत एकेक मिली सुरू करायचंय. डब्याचं परत देऊन चालणार नाही. आतडं नासलं तर हातची जाईल. मिसेसचं काही शिल्लक आहे का हो घरी?"

"आहे. ताप यायच्या आधीच्या अकरा वाट्या आहेत."

"अकरा?" सिस्टरचा आवाजच बदलला. "अहो, तीन-चार दिवस निघतील तिचे. नीट आणा. वितळू देऊ नका."

त्या अकरा वाट्यांच्या भरवशावर काल रात्री त्याला झोप लागली होती.

घरी आल्यावर त्यानं अंगावर पाणी घेतलं आणि थर्माकोलचं खोकं काखेत मारून भाऊरावाच्या खोलीत गेला. सुलक्षणावहिनी भाताचं आधण ठेवत होती. त्यानं फ्रिजर उघडला. मटारची पिशवी होती. कोळंबीची पिशवी होती, तिच्यातून लालसर पाणी गळून खाली गोठलं होतं. वाट्या नव्हत्या.

"वहिनी, दूध कुठं ठेवलंस?"

सुलक्षणानं मान वर केली नाही. "यांना विचार."

भाऊराव बाहेर दात कोरत बसला होता. "कसलं दूध?"

"प्रेमाचं. वाट्यांमधलं."

"ते होय? अरे, ते तर तूच ओतलंस ना सकाळी."

दशरथला आधी कळलंच नाही. मग कळलं. खोकं हातातून सुटलं आणि त्याचं झाकण गटाराकडे घरंगळत गेलं.

"तुला सांगणार होतो, पण तुझी अवस्था बघून गप्प राहिलो," भाऊराव म्हणाला. त्याला खरंच आपण काही वाईट केलं असं वाटत नव्हतं. "आई म्हणाली, मेलेल्या बाईचं दूध घरात ठेवू नये. पोरीच्या पोटात तर नकोच. मी म्हटलं, मग राखेवर दूध लागतंच ना? तिचंच तिला. पिशवीचं कशाला आणायचं? मोरीत तर नाही ना ओतलं?"

मेलेली आई पोरीला सोबत नेईल या भीतीनं आतून म्हातारी रडक्या आवाजात म्हणाली, "झिला, ती पोराक आपल्यावांगडा न्हेता रे. दुधाच्या वाटेन न्हेता. म्हणान सांगलंय."

दशरथ मोरीवर गेला. मग त्यानं कपड्याचा साबण घेतला आणि हात धुवायला लागला. नखं घासली, बोटं घासली.

"सुतकात साबण लावत नाहीत रे," भाऊराव मागून म्हणाला.

त्यानं परत साबण लावला. नखात राख राहिलीच होती. नुसती राख असती तर चाललं असतं. त्यात ते दूध होतं. भिंतीकडे तोंड करून दुखऱ्या छातीतून चमचा चमचा काढलेलं. आणि ते त्यानं आपल्या हातानं, कडेकडेनं, सगळीकडे पडेल असं ओतलं होतं, कुत्र्यासाठी.

"मी इस्पितळात चाललो."

"वेडा झालास काय? अग्नी दिलायस तू. दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही."

"सकाळी ओलांडला तो?"

"ते विधीचं होतं."

दशरथ रिकामं खोकं घेऊनच निघाला. भाऊरावानं पायात चपला सरकवल्या. "थांब, मीही येतो. एकटा काहीतरी करून बसशील." वाटेत मेडिकलच्या दुकानाशी त्यानं रिक्षा थांबवली आणि लहान बाळांच्या दुधाचा डबा घेतला. डब्यावर गुबगुबीत, गोऱ्या पोराचं चित्र होतं. "हे बघ, हे कंपनीचं आहे. शुद्ध. माणसाचा हात लागत नाही, कुणाचं उष्टं नाही."

इस्पितळात बाळांच्या खोलीबाहेर आयांची एक लांबट खोली होती. पाच-सहा बाया बाकांवर बसून दूध काढत असायच्या. दारावर पडदा होता. बाहेरच्या बाकावर संघमित्रा बसली होती. मूळची वाशिमकडची, आता जोगेश्वरीतच राहणारी. तिचा मुलगाही पेटीत होता. तिनंच प्रेमाला हातानं दूध काढायला शिकवलं होतं. दशरथचं भादरलेलं डोकं बघून ती उठून उभी राहिली. भाऊरावाला जिना चढून धाप लागली होती. तिनं आपली पाण्याची बाटली पुढं केली, तो घटाघटा प्यायला.

दर्शना बाहेर आली. तिनं हात पुढं केले. "आणलं?"

दशरथनं रिकामं खोकं तिच्यापुढं धरलं.

"अहो, अकरा होत्या म्हणालात ना!"

"होत्या."

"मग?"

"राखेवर ओतल्या." त्याला भावाचं नाव घेता आलं असतं. घेतलं नाही. "मीच ओतल्या."

दर्शनानं पुढं केलेले हात मागं घेतले. तिच्या तोंडावर जे आलं ते त्यानं ओळखलं. सकाळी कुत्र्याकडे बघताना त्याच्या तोंडावर तेच होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण डोळ्यांखाली काळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळीच दोन बाटल्या तयार झाल्यात. शंभर मिली. दुसऱ्या आयांचं दूध. ते तिला देऊ शकतो, बापाची सही लागेल. पुढचं पुढं बघू."

"एक मिनिट मॅडम," भाऊराव मध्ये आला. "दुसऱ्या म्हणजे कुणाचं असतं हे?"

"इथं दूध देणाऱ्या आयांचं."

"हो, पण कुठल्या? म्हणजे माणसं कुठली?"

"त्यांचं रक्त तपासतो आम्ही. दूध तापवतो, परत तपासतो. नावं सांगत नाही. आणि एका बाटलीत तिघी-चौघींचं एकत्र असतं."

"एकत्र!" जेवताना घासात केस यावा तसं भाऊरावाचं तोंड झालं. "मॅडम, मी जुन्या विचारांचा नाही. पण रक्ताचा प्रश्न आहे. कुणाचं काय, काही बघायचं की नाही? आम्ही डबा आणलाय. चांगल्यातला आहे."

"डब्यानं काय झालं ते काल बघितलं आम्ही."

बाकावरून संघमित्रा म्हणाली, "दादा, मघाशी माझ्या बाटलीतलं पाणी प्यालात तेव्हा नाही विचारलंत ते?"

भाऊरावानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बुद्धाचं छोटं लॉकेट होतं. त्याची नजर तिथं गेली, तिथून बाटलीकडे गेली, आणि त्यानं नकळत तळहातानं तोंड पुसलं.

ते पुसणं दशरथनं पाहिलं. त्याला परत शिसारी आली, या वेळी भावाची. "सही कुठं करू?" त्यानं विचारलं.

"दशा, आईला काय सांगू मी?"

"सांग, तिचंच तिला पोचलं. आता दुसऱ्यांचं पोरीला."

त्यानं सही केली. नखातली राख कागदाला लागली आणि सहीखाली एक करडं बोट उमटलं. भाऊराव डबा काखेत धरून जिना उतरून गेला.

अकरा वाजता दर्शनानं सुईशिवायच्या सिरिंजमध्ये एक मिली दूध घेतलं. एक मिली म्हणजे किती, तर बाटलीच्या झाकणाचा तळही झाकला नसता. सिरिंज नळीला लावून तिनं वर धरली. दूध आपसूक उतरलं. सगळे पोटाकडे बघत होते. पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं हललेलं दिसायचं. त्या दिवशी वजन भरलं नऊशेऐंशी.

दुसऱ्या दिवसापासून दशरथ कामावर जायला लागला. घरात त्याला बसवत नव्हतं. लोक यायचे, चहा प्यायचे, बशीत बिस्किटं बुडवायचे आणि जाताना म्हणायचे, पोरगी पांढऱ्या पायाची निघाली. पहाटे कारखान्यात आकड्यानं लाद्या ओढायच्या, क्रशरमध्ये घालायच्या, बर्फाचा चुरा पाट्यांनी होड्यांवर चढवायचा. हाताला अमोनियाचा आणि बोंबलाचा वास. तिथून अकरापर्यंत इस्पितळ. सुतकात बाहेर फिरतो म्हणून आईनं त्याचं ताट वेगळं काढलं. भाऊराव बोलेना.

साठा परत संपत आला, तेव्हा संघमित्रा वॉर्डातल्या खाटांवरून फिरली. दशरथला हे दर्शनानं सांगितलं. कशी फिरली, तर भांडत. "ए बाई, उरलेलं दूध तू मोरीत ओततेस, मी बघितलंय. लाज वाटत नाही? आत पोर उपाशी आहे. चल, रक्त तपासायला दे." तीन बाया आल्या. एक गुजराती होती, एक मालवणी मुसलमान, एक कुठली ते दर्शनालाही माहीत नव्हतं. संघमित्रा धरून चौघी झाल्या.

एक मिलीचे दोन झाले, दोनाचे चार. वजन नऊशेनव्वद. मग परत नऊशेसत्तर, त्या दिवशी दशरथ जेवला नाही. मग एक हजार पाच.

प्रेमा गेली त्याच्या सातव्या दिवशी दर्शना म्हणाली, "उद्यापासून तिला छातीशी धरायचं. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, तासभर. त्यानं ऊब राहते, वजन धरतं. आई नाही, तर बापानं."

"मला नको," दशरथ म्हणाला. "मला वास मारतो."

दर्शनानं सरळ त्याचा हात धरून हुंगला. "मारतो," ती म्हणाली. "बोंबील. मी पण वेसाव्याची, तुमच्या वर्सोव्याचीच आहे, मला काय सांगता? आंघोळ करून या. तिला काही नाही त्याचं."

"वासाचं नाही सिस्टर." त्यानं हात मागं घेतले. "या हातांनी मी..."

"हातांनी धरायचं नाहीच. छातीवर ठेवायचं. हात वरून नुसते."

दुसऱ्या दिवशी त्यानं इस्पितळाच्या नळावर तीनदा साबण लावला. खुर्चीत मागं रेलला. दर्शनानं पोरगी आणून त्याच्या छातीवर बेडकासारखी ठेवली आणि वरून कापड गुंडाळलं. काही वजनच लागलं नाही. नुसती एक गरम जागा होती, आणि ती हलत होती. तिच्या अंगाला औषधाचा आणि आंबट दुधाचा वास होता. तो वास येताच प्रेमाची ती भिंत आठवली आणि त्याला इतकी घाण वाटली स्वतःची, की उठून जावं. पण उठता येत नव्हतं. वर पोरगी होती.

दहाव्या दिवशी भाऊराव सकाळी दारात येऊन उभा राहिला. आठवड्यात पहिल्यांदा बोलला. "आज पिंड आहे. तू बसायचंस."

"अकराला दूध असतं तिचं. मी छातीशी धरतो तेव्हा."

"एक दिवस नाही धरलंस तर मरणार नाही ती."

"आणि मेली तर? तू बस पिंडाला. तुला सगळं येतं."

भाऊराव गेला. दशरथ इस्पितळात गेला. दर्शनानं त्या दिवशी तराजूवर पोरगी दोनदा ठेवली. एक हजार एकशेतीस. जन्मली तेव्हापेक्षा दहा ग्रॅम जास्त. दहा ग्रॅम म्हणजे काय, कारखान्यात लादी फुटताना याहून मोठा तुकडा उडून जायचा आणि कुणी वाकूनही बघायचं नाही.

तो खुर्चीत बसला. पोरगी छातीवर आली. दूध नळीतून उतरायला लागलं, आता बारा मिली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. थांबला, परत थरथरला. तिसऱ्यांदा दर्शना वैतागली, तिनं त्याच्या खिशातून फोन काढून त्याच्या कानाला धरला. "लवकर संपवा. हळू बोला."

"दशा," भाऊरावाचा आवाज होता. पाठीमागे माणसांची कुजबूज आणि कावळ्यांचा गलका. "अरे, कावळा शिवत नाही रे. दोन तास झाले. उन्हात बसलोय सगळे, पोटात पाणी नाही. तिचं काहीतरी अडकलंय. आई म्हणते, तू शब्द दे. पोरीला नीट सांभाळीन म्हण. मी फोन पिंडाजवळ धरतो, स्पीकर लावतो."

दशरथनं पोरीच्या पाठीवरचं कापड सारखं केलं.

"ऐकतोयस ना? सगळं ठेवलंय बघ. तिला आवडायचे ते बटाटेवडे ठेवलेत, दुधाची वाटी ठेवलीय."

"दादा," दशरथ हळू म्हणाला, "वाटीत दूध कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? पिशवीचं."

"ते एकत्र असतं ना? कुठल्या कुठल्या गोठ्यातलं. विचारलंस, कुठल्या म्हशीचं आहे?"

पलीकडे कुणीतरी काव काव करून कावळ्यांना बोलवत होतं.

"स्पीकर लावलायस?"

"लावलाय."

"मग तिला सांगतो. प्रेमा, आज एक हजार एकशेतीस भरली." तो थांबला. दर्शनाकडे बघून त्यानं विचारलं, "सिस्टर, शी कशी झाली तिला?"

दर्शनानं फोन तसाच धरला होता. "पिवळी," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा एकदम पिवळी झाली."

"पिवळी झाली गं," दशरथ फोनमध्ये म्हणाला.

कावळा शिवला की नाही ते त्यानं विचारलं नाही. दर्शनानं फोन बंद करून खिडकीत ठेवला. पोरीनं मान थोडी हलवली, तिला ढेकर आला, आणि तोंडातून दुधाचा एक ओघळ बाहेर पडला. चौघींचं मिळून झालेलं, आंबट, कोमट दूध त्याच्या छातीवरून खाली उतरत बेंबीपाशी गेलं. दर्शना कापूस घेऊन पुढं आली.

"राहू दे," दशरथ म्हणाला.